आजाऱ्यांच्या घरीं ख्रिस्तप्रसाद

शरीराला दुखणें आलें म्हणजे त्यावर औषध मिळतें; परंतु दुखण्याबरोबर जें एकटेपण येतें त्यावर औषध देणारा वैद्य पुण्याच्या कोणत्याहि पेठेंत अद्याप बसलेला नाहीं. मनुष्य आजारी पडला कीं पहिले आठ दिवस त्याच्या घरीं माणसांची रीघ लागते. कोणी शहाळें आणतो, कोणी मोसंबीं आणतो, कोणी नुसतीच चौकशी करून जातो. दुसऱ्या महिन्यांत ही रीघ ओसरते, आणि वर्ष लोटलें म्हणजे त्या मनुष्याची गणना घरांतील जुन्या सामानांत होऊं लागते. तो जिवंत आहे हें सर्वांना ठाऊक असतें. तो आपल्यांत आहे हें मात्र हळूहळू सर्वजण विसरतात. प्रस्तुत लेखांत आम्ही ज्या रीतीविषयीं लिहिणार आहों ती ह्या विसराळूपणावरचा एक फार जुना उपाय आहे, आणि त्या उपायाची आज आपल्या शहरांत हेळसांड होत आहे असें आमचें स्पष्ट मत आहे.

आमच्या शाळेंत नाना धर्मांचीं मुलें एका बाकावर बसून शिकतात, आणि हा अंक त्यांच्या आईबापांच्याहि हातीं पडतो. म्हणून कॅथॉलिक घरांतील मुलांस जें सवयीनें माहीत आहे तें इतरांसाठीं थोडक्यांत सांगितलें पाहिजे. दर रविवारीं चर्चमध्यें पवित्र मिस्सा होते. त्या वेळीं वेदीवर भाकर व द्राक्षारस अर्पण केला जातो, आणि शेवटच्या भोजनाच्या वेळचे प्रभु येशूचे शब्द धर्मगुरूंच्या मुखांतून उच्चारले गेल्यावर तेथें प्रत्यक्ष ख्रिस्त उपस्थित असतो अशी आमची श्रद्धा आहे. जमलेले भाविक रांगेनें पुढें येऊन तो प्रसाद घेतात. ह्यासच पवित्र कम्युनियन किंवा ख्रिस्तप्रसाद म्हणतात. सर्वांनीं घेतल्यावर जो प्रसाद उरतो तो एका मंजूषेंत कुलूपबंद ठेवितात, व तिच्यापाशीं अहोरात्र एक दिवा तेवत असतो.

ती मंजूषा तेथें कां आहे असें विचारलें, तर ख्रिस्ती मुलेंहि बहुधा ‘आराधनेसाठीं’ असें उत्तर देतील. धर्मसभेचें स्वतःचें उत्तर निराळें आहे. प्रसाद राखून ठेवण्याचें पहिलें व मूळचें कारण म्हणजे मरणोन्मुख व आजारी माणसें. मंजूषेपुढील आराधना त्यामागून आली. घरांतील एखादा मनुष्य पंगतीस येऊं शकला नाहीं म्हणजे आई त्याच्या वांट्याचें ताट झांकून ठेवते, तसेंच हें आहे. परंतु ताट झांकून ठेवण्यानें कोणाचें पोट भरत नाहीं. कोणीतरी तें उचलून त्याच्यापर्यंत नेलें पाहिजे. आमचें सारें सांगणें ह्या एका गोष्टीविषयीं आहे.

ही रीत आजकालची नव्हे. इ. स. १५५ च्या सुमारास जस्टिन नांवाच्या एका ख्रिस्ती तत्त्ववेत्त्यानें रोमच्या बादशहास उद्देशून आपल्या धर्मबंधूंच्या बचावाचा एक ग्रंथ लिहिला. त्यांत रविवारच्या उपासनेचें वर्णन आहे, आणि जे हजर नसतील त्यांच्याकडे डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, प्रसाद घेऊन जातात असें त्यांत स्पष्ट नमूद केलें आहे. ज्या काळीं ख्रिस्ती लोकांस उघडपणें मंदिर बांधण्याचीहि सोय नव्हती, त्या काळीं न आलेल्या मनुष्याची आठवण मात्र ठेवली जात होती! पुढें इ. स. ३२५ मध्यें निकेया येथें भरलेल्या धर्मपरिषदेनें, मरणाच्या दारीं असलेल्या मनुष्यास हा प्रसाद नाकारूं नये असा नियम केला, आणि हा नियम आपण नव्यानें करीत नसून तो पूर्वापार चालत आलेला आहे असेंहि त्यांत सांगितलें. मरणसमयीं घ्यावयाच्या ह्या प्रसादास लॅटिन भाषेंत ‘व्हियाटिकम’ असें नांव आहे. त्याचा अर्थ वाटेची शिदोरी. लांबच्या गांवीं निघालेल्या मुलाच्या हातीं फडक्यांत बांधून दिलेली भाकर ज्यानें पाहिली आहे, त्यास ह्या नांवांतील माया समजावून सांगण्याची जरुरी नाहीं.

आमच्या विद्यार्थिमित्रांस टार्सिसियस ह्याची गोष्ट ठाऊक असेल. रोममध्यें ख्रिस्ती लोकांचा छळ चालला असतां तो प्रसाद घेऊन वाटेनें जात होता; जमावानें त्यास गांठलें आणि हातीं काय आहे तें दाखव म्हणून दरडावलें; त्यानें तें दाखविलें नाहीं आणि मार खातां खातां प्राण सोडला. चवथ्या शतकांत पोप डॅमेसस ह्यांनीं त्याच्या स्मरणार्थ एक पद्यमय लेख रचला. त्यांत त्याचें वय दिलेलें नाहीं. तो कोवळ्या वयाचा मुलगा होता अशी समजूत घरोघरीं पसरविण्याचें श्रेय मुख्यतः कार्डिनल वाइझमन ह्यांच्या ‘फॅबिओला’ ह्या १८५४ सालच्या कादंबरीस आहे. परंतु वय कांहींहि असलें तरी गोष्टीचा मथितार्थ बदलत नाहीं. वेदीपासून दुसऱ्याच्या दारापर्यंतची वाट चालणें हें मंडळीनें पहिल्यापासून आपलें काम मानलें, आणि त्यासाठीं जीवहि दिला.

देवानें भक्ताच्या दारीं यावें ही कल्पना महाराष्ट्रास परकी नाहीं. वारीच्या दिवसांत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेंत आणि तुकाराम महाराजांची पालखी नाना पेठेंत निवडुंग्या विठोबाच्या देवळांत मुक्कामास असते. लक्षावधि वारकरी ज्या देवाच्या भेटीस निघालेले असतात तो देव पंढरीस विटेवर कां उभा आहे, हें महाराष्ट्रांतील कोणतेंहि मूल सांगेल. पुंडलिक वृद्ध आईबापांची सेवा करीत होता. देव दारीं आला तरी तो उठला नाहीं. त्यानें वीट पुढें सारली, आणि सेवा आटोपेपर्यंत देव थांबून राहिला. ह्याच भागांत, क्वार्टर गेटपाशीं, पुण्यांतील सर्वांत जुनें कॅथॉलिक चर्च आहे. त्याची जागा १७९२ सालीं सवाई माधवराव पेशवे ह्यांनीं आपल्या पदरच्या ख्रिस्ती सैनिकांच्या उपासनेसाठीं दिलेली आहे. दोन धर्मांच्या श्रद्धांची खिचडी करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. प्रत्येकाची श्रद्धा त्याच्या ठिकाणीं आहे. परंतु वृद्धांची सेवा चालली आहे ती खोली देवाच्या येण्यास अयोग्य नाहीं, हें सांगण्यासाठीं पुणेंकरांस रोमपर्यंत जावें लागत नाहीं, एवढेंच आम्हांस दाखवावयाचें आहे.

रोग्याच्या जवळ जाण्यास धैर्य लागतें, ही गोष्टहि ह्या शहरानें पाहिलेली आहे. १५७६ सालीं इटलींतील मिलान शहरांत प्लेग पसरला तेव्हां तेथील आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ शहर सोडून न जातां स्वतः रोग्यांना प्रसाद देत फिरत होते. त्यानंतर तीन शतकांनीं तोच रोग पुण्यांत आला, आणि ज्या सावित्रीबाई फुले ह्यांनीं ह्या शहरांत मुलींना शिकविलें त्याच रोग्यांची सेवा करतां करतां प्लेगनें १० मार्च १८९७ रोजीं निवर्तल्या. एकाच्या हातीं ख्रिस्तप्रसाद होता, दुसरीच्या हातीं केवळ माणुसकी होती. परंतु रोग्याला दुरून हात जोडून भागत नाहीं, त्याच्या अंथरुणापर्यंत जावें लागतें, हें दोघांनींहि ओळखलें होतें.

आतां पुण्यांतील कॅथॉलिक मंडळीकडे वळूं. १८८६ सालीं पुणें धर्मप्रांताची स्थापना झाली. त्या काळीं प्रसाद घेऊन जाण्याचें काम धर्मगुरूंकडेच असे. धर्मगुरु थोडे, प्रांत मोठा, आणि त्यांत उपवासाचा नियम कडक. मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबहि घ्यावयाचा नाहीं. त्यामुळें अशक्त मनुष्यास पहांटे फादर येईपर्यंत कोरड्या घशानें पडून राहावें लागे. पहिल्या महायुद्धांत तर येथील जर्मन जेझुइट धर्मगुरूंना सरकारनें स्थानबद्ध केलें व पुढें मायदेशीं धाडलें, तेव्हां निरोगी माणसांचीहि उपासना कशीबशी चालली. मग अंथरुणाला खिळलेल्यांचें काय झालें असेल ह्याची कल्पनाच करावी.

पुढें मात्र धर्मसभेनें एकेक गांठ सैल केली. १९५३ सालीं पोप बारावे पायस ह्यांनीं पाण्यानें उपवास मोडत नाहीं असें ठरविलें आणि आजाऱ्यास औषध घेण्याची मोकळीक दिली. २९ जानेवारी १९७३ च्या एका आज्ञापत्रान्वयें पोप सहावे पॉल ह्यांच्या कारकीर्दींत बिशपांस असा अधिकार मिळाला कीं, त्यांनीं योग्य गृहस्थांस, स्त्रियांस व धर्मभगिनींस नेमून त्यांच्या हातून प्रसाद देवावा. १९८३ सालच्या धर्मसंहितेंत तर दोन नियम असे आहेत कीं, ते वाचून कायद्याच्या पुस्तकांतहि अंतःकरण असूं शकतें अशी आमची खात्री झाली. पहिला नियम असा कीं, ज्यास घांस गिळवत नाहीं त्यास केवळ द्राक्षारसाच्या रूपानें प्रसाद देतां येतो. दुसरा असा कीं, तासाभराच्या उपवासाची जी अट इतरांस आहे ती वृद्धांस व आजाऱ्यांस नाहीं, आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांसहि नाहीं.

ह्या शेवटच्या शब्दांकडे वाचकांनीं नीट लक्ष द्यावें. घरांत एक मनुष्य अंथरुणाला खिळला म्हणजे प्रत्यक्षांत दोन माणसें खिळतात. सासूला उठवून बसविणारी सून, बापाचे कपडे बदलणारा मुलगा, रात्रीं तीनदां उठणारी म्हातारी पत्नी, ह्यांनाहि कित्येक रविवार चर्चचें दार दिसत नाहीं. त्यांच्याविषयीं कोणी विचारीत नाहीं, कारण तीं हिंडतीं-फिरतीं असतात. ज्यानें हा नियम लिहिला त्यानें आजाऱ्याच्या खोलींत कधींतरी चार घटका बसून पाहिलें असलें पाहिजे. प्रसाद घेऊन येणारा मनुष्य त्या घरीं एकासाठीं येत नाहीं, सगळ्या घरासाठीं येतो.

एवढी सोय झाली असतांहि हेळसांड कां होते? आमच्या मतें त्यास तीन समजुती कारण आहेत, आणि त्या तिन्ही चुकीच्या आहेत.

पहिली समजूत अशी कीं, घरीं प्रसाद आणविणें म्हणजे मरणाची तयारी करणें. ही समजूत इतकी खोल रुजली आहे कीं, पुष्कळ घरांत फादरना बोलावणें धाडण्यापूर्वीं आजाऱ्याचा श्वास मोजला जातो. आमच्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ अर्धांगवायूनें तिसऱ्या मजल्यावर पडून होते. त्यांना प्रसाद आणवावा कीं नाहीं ह्याची चर्चा त्यांचे चिरंजीव आमच्याशीं जिन्यांत हळू आवाजांत करीत होते. “फादर दारांत दिसले कीं बाबांना वाटेल आपली वेळ भरली,” असें ते म्हणाले. खोलींत गेल्यावर म्हाताऱ्यांनींच विषय काढला. जिन्यांतील बोलणें त्यांच्या कानीं गेलें असावें. अडखळत, पण स्पष्टपणें ते म्हणाले, “गुरुजी, ह्यांना सांगा, मला मरावयाचें नाहीं, मला जेवावयाचें आहे.” पुढच्या रविवारपासून त्यांच्याकडे प्रसाद येऊं लागला, आणि त्यानंतर ते गृहस्थ चांगले दोन वर्षें जगले.

शिदोरी आणि रोजची भाकर ह्यांत फरक आहे. मरणोन्मुखाची शिदोरी ती शेवटचीच. परंतु आजाऱ्याचा ख्रिस्तप्रसाद ही त्याची रविवारची भाकर आहे. गुडघे गेल्यामुळें जी बाई जिना उतरूं शकत नाहीं तिचें मरण कदाचित् पंधरा वर्षें दूर असेल. त्या पंधरा वर्षांतील सातशेंहून अधिक रविवार तिनें उपाशी राहावें काय? आणि जो खरोखर शेवटच्या आजारांत आहे त्याच्या बाबतींतहि धर्मसंहिता असेंच सांगते कीं, शिदोरी देण्यास फार विलंब करूं नये. आजारी शुद्धीवर असतांना ती द्यावी. शुद्ध हरपल्यावर धांवाधांव करण्यानें आजाऱ्यापेक्षां नातेवाइकांचेंच समाधान अधिक होतें.

दुसरी समजूत अशी कीं, प्रसाद आणावा तो धर्मगुरूंनींच. शेजारच्या इमारतींतील निवृत्त कारकुनानें किंवा शिक्षिकेनें आणला तर तो दुय्यम. “आम्हांला फादरच पाहिजेत,” असें म्हणून नेमलेल्या सेवकास दारांतून परत पाठविणारीं घरें आहेत. पापनिवेदन ऐकणें व पवित्र तैलानें लेपन करणें हीं कामें धर्मगुरूंचींच आहेत, आणि त्यांसाठीं त्यांना अवश्य बोलवावें. परंतु प्रसाद जो आहे तो वेदीवरचाच आहे. आणणाऱ्याच्या झग्यावरून त्याची किंमत कमीजास्त होत नाहीं. पूर्वींचे कॅथॉलिक बहुतेक कँपांत, नाना पेठेंत, घोरपडींत वा खडकींत एकमेकांच्या हांकेच्या अंतरावर राहत. आज तीच कुटुंबें वानवडी, कोंढवा, वडगांव शेरी, खराडी, हडपसर अशीं चहूंकडे पांगलीं आहेत. दोन-तीन धर्मगुरूंनीं एवढ्या जिन्यांवर दर रविवारीं चढावें अशी अपेक्षा करणें म्हणजे आजाऱ्यांपैकीं बहुतेकांना वगळणेंच होय. आणि दुसरेंहि असें कीं, जस्टिनच्या काळीं प्रसाद नेणारे मंडळीचे सेवकच होते. आज शेजारी प्रसाद घेऊन येतो तेव्हां त्याच्याबरोबर सारी मंडळी त्या जिन्यावर चढते. हें अपूर्व भाग्य दारांतून परत पाठविण्याजोगें नाहीं.

येथें नेमलेल्या सेवकांसहि दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण हेळसांड एका बाजूनेंच होते असें नाहीं. २००४ सालच्या रोमच्या सूचनापत्रांत असें बजावलें आहे कीं, आजाऱ्याकडे प्रसाद घेऊन निघालेल्यानें मध्यें दुसरीं कामें न करतां सरळ त्या घरीं जावें. म्हणजे गळ्यांत प्रसादाची डबी आणि वाटेंत मंडईची पिशवी, हें चालावयाचें नाहीं. तसेंच त्या घरीं पोंचल्यावर घड्याळाकडे पाहूं नये. घरास शांति चिंतावी, क्षमेची प्रार्थना करावी, शुभवर्तमानांतील चार ओळी वाचाव्या, सर्वांनीं मिळून ‘आमच्या बापा’ म्हणावें, आणि मग प्रसाद द्यावा. ह्या क्रमास पाव घटका पुरते. परंतु प्रसाद देऊन झाल्यावर जी पांच मिनिटें आजाऱ्याचें बोलणें ऐकण्यांत जातात, तीं विधींत छापलेलीं नसलीं तरी त्यांच्यावांचून विधि पुरा होत नाहीं असें आम्हांस वाटतें. टपालवाला पाकीट टाकून जातो तसा प्रसाद टाकून जाणें हें सेवेचें काम नव्हे.

तिसरी समजूत नवी आहे, आणि आमच्या मतें सर्वांत घातक आहे. ती अशी कीं, आजाऱ्यास मोबाइलवर मिस्सा दाखविली म्हणजे काम भागलें. तिचा उगम आपणां सर्वांस ठाऊक आहे. ९ मार्च २०२० रोजीं महाराष्ट्रांतील कोविडचे पहिले रोगी पुण्यांतच सांपडले, आणि त्याच महिन्यांत सर्व प्रार्थनास्थळें बंद झालीं. तीं १६ नोव्हेंबर २०२० रोजीं उघडलीं. दुसऱ्या लाटेंत पुनः बंद झालीं, आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजीं उघडलीं. त्या बंदीस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. तिनें असंख्य जीव वांचविले असतील. त्या दिवसांत पडद्यावरची मिस्सा हा मोठाच आधार होता. परंतु त्या काळाचा खरा धडा कोणता? जवळजवळ आठ महिने आपण सर्व धडधाकट माणसें घरकोंडींत सांपडलों होतों. पडद्यावर प्रसाद दिसतो पण जिभेवर येत नाहीं, हें तेव्हां आपण रोज बोलून दाखवीत होतों. चर्चचीं दारें उघडल्यावर पहिल्या रविवारीं कित्येकांचे डोळे पाणावले. मग ज्याचें दार अद्याप उघडलेलेंच नाहीं त्याच्या हातीं तोच मोबाइल ठेवून आपण निघून कसे जातों? आपणांस जें आठ महिने असह्य झालें तें त्याला जन्मभर पुरें आहे असें आपण कोणत्या न्यायानें ठरविलें?

पडदा ही खिडकी आहे, दार नव्हे. खिडकींतून पंगत पाहतां येते, पंगतींत बसतां येत नाहीं. आजाऱ्यानें मिस्सा अवश्य पाहावी, ऐकावी; परंतु त्यानंतर तासाभरांत कोणीतरी त्याच्या दारावर टकटक केली पाहिजे. कारण प्रसादाच्या मागें जें मूळ तत्त्व आहे तें दर्शनाचें नसून येण्याचें आहे. प्रसाद घेण्यापूर्वीं प्रत्येक कॅथॉलिक मनुष्य जें वाक्य म्हणतो तें मूळचें कफर्णहूम गांवच्या एका रोमन शताधिपतीचें आहे. त्याचा चाकर घरीं आजारी होता, आणि प्रभूनें आपल्या छपराखालीं यावें एवढी आपली योग्यता नाहीं असें तो म्हणाला. चर्चमध्यें हें वाक्य म्हणतांना छप्पर हा शब्द अलंकारिक असतो. परंतु घोरपडींतील पत्र्याच्या खोलींत किंवा कँपांतील जुन्या वाड्याच्या माडीवर अंथरुणांत पडलेली म्हातारी तेंच वाक्य म्हणते तेव्हां वर खरेंच छप्पर असतें, खालीं खरेंच दुखणें असतें, आणि पाहुणा खरोखरच आंत आलेला असतो. त्या वाक्याचा पुरा अर्थ ज्यास ऐकावयाचा असेल त्यानें तें आजाऱ्याच्या खोलींत ऐकावें.

कोणी म्हणेल, हे प्रश्न कॅथॉलिकांचे. इतरांस त्यांचें काय? आमचें उत्तर असें कीं, दारामागें एकटा पडलेला मनुष्य कोणत्याहि एका धर्माचा नाहीं. २०११ सालच्या जनगणनेंत भारतांत साठ वर्षें पूर्ण झालेलीं माणसें सुमारें १० कोटी ३८ लक्ष मोजलीं गेलीं, आणि त्यानंतर ती संख्या वाढतच आहे. पुण्यांतील कितीतरी घरांतून मुलें नोकरीसाठीं परदेशीं गेलीं आहेत. आईबाप मोठ्या सदनिकेंत, दाराला साखळी लावून, दिवसाकांठीं दोनदां दूरध्वनीची वाट पाहत बसलेले आहेत. पैशाची अडचण असतेच असें नाहीं; माणसाची असते. कॅथॉलिक मंडळीनें आपल्या अशा माणसांसाठीं प्रसादाच्या निमित्तानें आठवड्याची एक फेरी लावून घेतली आहे. प्रत्येक समाजाजवळ असें कांहीं ना कांहीं निमित्त असलेंच पाहिजे. निमित्त पवित्र असलें म्हणजे फेरी चुकत नाहीं, कारण दयेचा कंटाळा येतो, व्रताचा येत नाहीं.

म्हणून पालकांस आमची अशी विनंति आहे कीं, घरीं वृद्ध किंवा आजारी मनुष्य असल्यास त्याचें नांव आपण होऊन धर्मग्रामाच्या कार्यालयांत कळवावें. कोणी विचारील म्हणून वाट पाहूं नये. प्रसाद यावयाचा असेल त्या वेळीं लहानशा मेजावर धुतलेलें पांढरें वस्त्र, एक मेणबत्ती व पेलाभर पाणी ठेवावें, आणि दूरदर्शन बंद करावें. मुख्य म्हणजे घरांतील मुलांस त्या खोलींतून बाहेर काढूं नये. “आजीकडे फादर आले आहेत, तुम्ही खेळावयास जा,” असें जे आईबाप म्हणतात ते मुलांच्या शिक्षणाचा एक अत्यंत उत्तम तास बुडवितात. आम्हीं वर्गांत वर्षभर दयेवर निबंध लिहवून घेतले तरी आजीचे थरथरणारे हात जुळलेले पाहून जें कळतें तें निबंधांत उतरत नाहीं.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस एकच सांगावयाचें आहे. तुम्ही प्रसाद नेऊं शकत नाहीं. त्यासाठीं नेमणूक लागते, आणि टार्सिसियसचा काळ आतां नाहीं. परंतु प्रसाद नेणाऱ्याबरोबर जिना चढणें, पुढें होऊन घंटा वाजविणें, मेणबत्ती लावणें, वाचन मोठ्यानें व स्पष्ट करणें, आणि मागाहून आजोबांना वर्तमानपत्रांतील क्रिकेटची बातमी वाचून दाखविणें, हें तुम्ही करूं शकतां. ज्यांचा धर्म निराळा आहे त्यांनीं आपापल्या इमारतींत वा आळींत असें एक दार हुडकून काढावें कीं, ज्यांतून सहा महिन्यांत कोणी बाहेर पडलेलें नाहीं. तेथें जातांना हातीं कांहीं न्यावयास पाहिजेच असें नाहीं. नाइलाजानें नव्हे, आवडीनें आलों आहों असा चेहरा मात्र न्यावा.

आजाऱ्यास भेट दिली ती मलाच दिली, असें प्रभु शेवटच्या न्यायाच्या दिवशीं सांगणार आहे अशी आमची श्रद्धा आहे. त्या दिवशीं परीक्षेंत कोणता प्रश्न येणार हें त्यानें आधींच सांगून ठेवलें आहे. असा दयाळू परीक्षक आमच्या पाहण्यांत दुसरा नाहीं. प्रश्न ठाऊक असून उत्तर कोरें ठेवणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही शिक्षक काय म्हणतों, हें ह्या शाळेंतील मुलांस सांगावयास नकोच. येत्या रविवारीं मिस्सा आटोपल्यावर कॅथॉलिक वाचकांनीं मंजूषेजवळच्या दिव्याकडे क्षणभर पाहावें, आणि आज आपल्या ओळखीच्या कोणत्या घरीं हें ताट पोंचलें नाहीं, एवढें स्वतःस विचारून मगच जिना उतरावा.